पानात टाकू नये

आपल्याकडे मुलाला नीतीचा पहिला धडा मिळतो तो पाटावर. खोटे बोलू नये, चोरी करू नये हे धडे पुढचे. त्यांच्या आधी, मूल धड मांडी घालून बसायला शिकले की आई सांगते, "पानात टाकू नये." आमच्या मराठवाड्यात हा धडा जरा अधिकच ठसलेला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. 1972 च्या दुष्काळात या भागातली माणसे खडी फोडायला गेली. सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोवर त्यांनी दिवस काढले. मी त्या सालानंतर जन्मलो. पण खाली पडलेला भाकरीचा तुकडा उचलून कपाळाला लावण्याची आमच्या घरची रीत त्या एका वर्षाने पिढ्यान्‌पिढ्यांसाठी पक्की करून टाकली होती. शिवाय समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांचा म्हणून जेवणाआधीचा जो श्लोक घरोघर म्हटला जातो, तो आमच्या शाळेत खिचडीच्या पंगतीलाही रोज होतो. अन्नाला देव मानायचे, मग त्या देवाचा अनादर कसा सहन करायचा?

हे सारे मला इतके पटलेले होते, की त्याच्याच जोरावर मी एकदा एका मुलीवर अन्याय केला. तो अन्याय आधी सांगतो; विचार मागून मांडतो. कारण हा विचार मला पुस्तकातून सुचलेला नाही, त्या मुलीने शिकवला आहे.

ती चौथीत होती. हातापायांच्या काड्या, पोट मात्र पुढे आलेले, आणि उंची अशी की दुसरीची मुलेही तिच्या बरोबरीने उभी राहत. शाळेतली खिचडी ती बऱ्यापैकी खायची. पण छोट्या सुट्टीत घरून आणलेल्या डब्यातली पोळी मात्र तिच्या घशाखाली उतरत नसे. एके दिवशी शाळेमागच्या लिंबाखाली ती पोळी कुत्र्याला घालताना मी तिला पकडले. वर्गात आणले, सर्वांसमोर उभे केले, आणि दुष्काळाची सगळी कहाणी तिला ऐकवली. मग उरलेली पोळी तिला माझ्यासमोर खायला लावली.

"गुरुजी, पोट दुखतं," एवढेच ती म्हणाली.

"पोळी खाऊन कुणाचं पोट दुखतं का गं?" मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. मलाही आपला प्रश्न मोठा मार्मिक वाटला. ती पोळी संपवून जागेवर जाऊन बसली, आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. मी हजेरीपटावर दोन फुल्या मारल्या आणि मनात म्हटले, मुलगी आळशी आहे.

आता मला त्या माझ्या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे. पोळी खाऊन पोट दुखते. काही माणसांचे नुसते दुखतच नाही, आतून झिजते. त्या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. गहू, जव आणि आपल्याकडे फारसे न पिकणारे राय या धान्यांत ग्लूटेन नावाचा एक चिवट पदार्थ असतो. घरातल्या बाईला त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा गुण पुरता ठाऊक असतो. कणीक मळल्यावर ताणली जाते, पुरण पोटात घेऊनही फाटत नाही, ती ग्लूटेनच्या जिवावर. ज्वारीत ते नाही, म्हणून ज्वारीच्या पिठाला गरम पाणी घालून, हाताने थापून भाकरीला घडवावे लागते. या चिवट पदार्थालाच काही जणांचे शरीर शत्रू समजते, आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याचे अस्तर कुरतडते. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नाचा कस तेच शोषून घेतात. ते झडून सपाट झाले की माणूस भरल्या ताटावर बसूनही उपाशी राहतो. मग कधी जुलाब, कधी उलट मलावरोध, पोट फुगणे, वाढ खुंटणे, तोंड येणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे, मुलींना उशिरा न्हाण येणे, हाडे ठिसूळ होणे, आणि लहान मुलांत एक विलक्षण चिडचिड. एकेकाची पोटाची तक्रार काहीच नसते; नुसता पांढरेपणा आणि थकवा. हा आजार कोणत्याही वयात डोके वर काढतो.

असा आजार ओळखायला अवघड, कारण त्याचे प्रत्येक लक्षण आपल्या ओळखीचे असते. आपण त्याला आधीच दुसरे नाव देऊन बसलेलो असतो. त्या मुलीच्या आजीने दृष्ट काढली. शेजारणीने जंत म्हटले, जंताचे औषध झाले. कुणी क्षयाची शंका काढली. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिले. वडील जालन्याच्या सळईच्या कारखान्यात कामाला, ते रविवारी घरी येत आणि म्हणत, "लाडानं बिघडलीय." आणि मी, मास्तर, मी तिला आळशी ठरवले. बघा, प्रत्येकाजवळ एकेक उत्तर होते. प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता.

उत्तर हाताशी असून ते न दिसणे, ही चूक आम्हा खेडवळांचीच आहे असे समजू नका. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी 1888 साली या आजाराचे फार नेमके वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग बरा व्हायचा तर आहारानेच होईल, हेही त्यांनी जाणले. आणि मुलांना खायला काय द्यावे, याच्या यादीत त्यांनी पावाचे पातळ काप दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून द्यायला सांगितले! दोष अन्नात आहे हे कळले. पण पाव दोषी असेल हे त्या थोर माणसाच्याही मनात आले नाही. ज्या देशात पाव म्हणजेच जेवण, तिथे पावावर संशय घ्यायचा कुणी?

तो संशय घेतला हॉलंडमधल्या विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांनी. 1930 नंतरच्या दशकातच त्यांना गव्हाची शंका येऊ लागली होती. मग युद्धातला 1944-45 चा हिवाळा आला. हॉलंडात लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले, पाव मिळेनासा झाला. सारा देश वाळत चालला असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. आणि पाव परत आला तेव्हा ती पुन्हा खंगू लागली. डिके यांनी 1950 साली उट्रेख्ट विद्यापीठाच्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला. दुष्काळ हा काही मुलांना औषध ठरला होता! 1972 च्या गोष्टी सांगून त्या मुलीला पोळी खायला लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ही हकीकत कोणत्या तोंडाने वाचावी?

आमच्या त्या मुलीच्या वाट्यालाही असाच एक हिवाळा आला. फक्त तो उन्हाळ्यात आला. मे महिन्यात ती जाफराबादकडे आजोळी गेली. तिथे कोरडवाहू शेती, घरची शाळू ज्वारी, दोन्ही वेळा भाकरी. महिन्याभराने परतली तेव्हा गालावर थोडे मांस होते, आणि ती अंगणात पळत होती. सगळे म्हणाले, "आजोळचं पाणी मानवलं." आपल्याकडे चांगल्या गोष्टीचे कारण शोधायची पद्धत नाही, तिचे कौतुक करून आपण मोकळे होतो. तिची आई मात्र विचारात पडली. शाळा सुरू झाली, घरात पुन्हा पोळ्या सुरू झाल्या, आणि पंधरा दिवसांत पोरीचे पोट पुन्हा फुगले. आईने कुणाला न विचारता तिच्यापुरती पोळी बंद केली. पोरगी सावरली. लिहायला वाचायला जेमतेम येणाऱ्या त्या बाईने जे केले, ते डिके यांनी केले त्याहून वेगळे नव्हते.

हे सोपे नव्हते बरे का. एके काळी आमच्याकडे ज्वारी रोजची आणि पोळी सणाची. पाहुणा आला तरच तवा पोळीसाठी तापायचा. आता रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो, आणि ज्वारी बाजारात बरेचदा गव्हापेक्षा महाग पडते. गरिबाची भाकरी महागली आणि श्रीमंताची पोळी गरिबाघरी आली. ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण ज्याला पोळी विष आहे, त्याला मात्र त्याचा घास आता विकत घ्यावा लागतो.

त्यानंतर शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची उंची पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि काय खाल्ल्यावर काय होते ते तिलाच विचारले. मी शेजारी उभा होतो. दोन वर्षांत हा प्रश्न तिला प्रथमच विचारला जात होता. ती भडाभडा बोलू लागली. डॉक्टरीणबाईंनी छत्रपती संभाजीनगरच्या बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

तिथे जे सांगण्यात आले, त्यातून या लेखाचा खरा प्रश्न जन्मला. या आजाराची पहिली तपासणी रक्ताची. आतड्याशी चाललेल्या त्या चुकीच्या लढाईच्या खुणा रक्तात सापडतात. त्या खुणांच्या चाचणीला टीटीजी म्हणतात. ज्या शोधावर ती उभी आहे तो 1997 चा. काही जणांच्या रक्तात या खुणा जिच्यावर उमटतात ती जातच मुळात कमी असते, म्हणून तिचेही एकूण प्रमाण सोबत मोजतात. रक्तात खूण सापडली की बहुधा तोंडातून बारीक दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा तुकडे, तांदळाच्या कणीएवढे, घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण हे सगळे खरे ठरते, ते रोगी गहू खात असेल तरच. गहू बंद केला की लढाई थांबते, खुणा पुसट होतात, अंकुर पुन्हा फुटू लागतात, आणि आजार असूनही कागदावर "नाही" असे येऊ शकते. वंशगुण पाहण्याची एक चाचणी गहू न खाताही होते. पण ती "हा आजार नाही" एवढेच भरवशाने सांगू शकते. "आहे" असे ती सांगू शकत नाही. कारण ते वंशगुण असलेली पुष्कळ माणसे जन्मभर पोळी खाऊन ठणठणीत असतात.

म्हणून डॉक्टर म्हणाले, आता सहा आठवडे रोज दोन पोळ्या खाऊ घाला, मग तपासू. फार त्रास झाला तर लगेच घेऊन या.

त्या संध्याकाळी तिची आई माझ्या दारात आली. "गुरुजी, लेकरू आत्ता कुठं अंगाला लागलंय. त्याला पुन्हा तेच चारू? बरं झालेलं पोरगं मीच पुन्हा आजारी पाडू? मला माहीतंय ना काय होतंय ते. मग कागद कशाला पाहिजे?"

मी मॅट्रिक झालेला मास्तर. वैद्यक माझा प्रांत नव्हे. पण हा प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. सत्य कळण्यासाठी दुःख द्यावे काय, असा तो प्रश्न होता. मी रात्रभर त्याच्याशी झटलो.

आईचे म्हणणे खरे होते. डोळ्यांनी पाहिलेले तिला पुरेसे होते. पण दुसरी बाजूही होती. पथ्य चार दिवसांचे नाही, जन्माचे आहे. या आजाराला आज तरी दुसरे औषध नाही. जे व्रत मरेपर्यंत पाळायचे, त्याच्या मुळाशी अंदाज असून कसे चालेल? पोटदुखीची कारणे अनेक. गहू बंद केल्यावर बरे वाटले म्हणजे हाच आजार, असेही नाही. दुसरेच काही असले तर ते आत वाढत राहील. हाच आजार असला, तर तिच्या धाकट्या भावाचीही तपासणी हवी, कारण तो रक्ताच्या नात्यात चालतो. आणि सगळ्यात मोठे म्हणजे अंदाज थकतो. सहा महिन्यांनी आजी म्हणेल, आता बरी आहे, सत्यनारायणाचा शिरा चिमूटभर घेतल्याने काय होते? उद्या मुलगी सासरी जाईल. तिथे "आईला असं वाटत होतं" हे वाक्य किती दिवस तग धरेल?

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे तिच्या आईला सांगितले. आई गप्प झाली. मग माझ्या लक्षात आले, की ज्या पोटाची आम्ही दोघे चर्चा करत होतो, त्या पोटाची धनीण उंबऱ्यात बसून आहे आणि तिला आम्ही अजून विचारलेले नाही. मी तिला जवळ बोलावले, सगळे समजावले, आणि विचारले, "खाशील का सहा आठवडे?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "खाईन. पण मग नंतर कुणी म्हणणार नाही ना, ही नखरे करती म्हणून?"

वाचकहो, मला त्या क्षणी लिंबाखालचा तो दिवस आठवला. तपासणी हवी होती ती रोग ओळखण्यासाठी. पण त्या मुलीला ती हवी होती खोटेपणाचा डाग धुण्यासाठी. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, म्हणून तिला पुराव्याची एवढी ओढ होती. आणि आणखी एक हिशोब माझ्या डोक्यात लख्ख उतरला. दोन वर्षांपूर्वी ती रोज पोळी खातच होती. "पोट दुखतं" हे तिचे वाक्य मी त्या दिवशी खरे मानले असते, तर दंडातून एक सुई रक्त काढून सत्य हाती आले असते. त्यासाठी वेगळे सहा आठवडे दुःख द्यावे लागले नसते. सत्याची किंमत वाढवली होती ती आमच्या अविश्वासाने, आणि ती भरायची मात्र तिने.

मला वाटते, आपण विश्वास आणि खात्री यांची गल्लत करतो. आपण म्हणतो, आधी खात्री पटू दे, मग विश्वास ठेवीन. माणसांच्या दुखण्याबाबत हा क्रम उलटा आहे. कुणी "दुखते" म्हणाले तर ते त्या घटकेला खरे मानावे. त्याला साक्षीदार मागू नये. आणि खरे मानले म्हणूनच खात्रीच्या वाटेला लागावे. अविश्वासाने आम्ही तपासणी दोन वर्षे लांबवली. आणि विश्वासाने, पण घाईने, आईने पोळी आधी बंद केली म्हणून तपासणी अवघड झाली. पहिली चूक निष्ठुर होती, दुसरी मायेची. पण दोन्हींचे ओझे एकाच लहान जिवावर पडले. म्हणून ज्यांच्या घरी असा संशय असेल त्यांना मी हात जोडून सांगतो: लेकराचे ऐका, लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि तपासणी होईपर्यंत गहू आपल्या मनाने बंद करू नका.

तुम्ही म्हणाल, एका पोरीच्या पोटावरून गुरुजी जगाला शहाणपण शिकवायला निघाले. पण ती एकटी नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात साधारण सव्वा माणसाला हा आजार आढळला. दक्षिणेत तो हजारात एकाला होता. उत्तरेत गहू भरपूर खातात, दक्षिणेत थोडा. आपण महाराष्ट्रातले लोक या दोहोंच्या सीमेवर, एका हातात पोळी आणि एका हातात भाकरी घेऊन बसलो आहोत. आणि आपल्या हातातली पोळी वाढते आहे.

त्या मुलीने सहा आठवडे पोळी खाल्ली. रोज संध्याकाळी ती पोट धरून बसे. रोज सकाळी शाळेत येई. मी तिची हजेरी मांडताना मान वर करू शकत नसे. दिवाळीच्या सुट्टीआधी तपासण्या झाल्या. रक्तात खुणा होत्या. दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यांत अंकुर झडलेले होते. निदान ठरले. तिचा भाऊ तपासला, तो सुटला. पण पुढेही लक्ष ठेवा म्हणून सांगितले आहे.

निदानानंतर गव्हाला शोधत आई घरभर हिंडली. तो डबीतल्या हिंगातही निघाला. कारण बाजारातला कुटलेला हिंग बरेचदा मैद्यात कालवलेला असतो. तो गिरणीत निघाला. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हावर हिची ज्वारी दळली जायची. शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यात पालथे पडलेले आजेसासूचे जाते धुऊन पुसून घरात आले. दृष्ट काढणारी आजीच आता नातीची ज्वारी दळते. दिवाळीला त्या घरी शंकरपाळे आणि रव्याचे लाडू वेगळ्या कढईत, वेगळ्या डब्यात होतात. तिच्यासाठी तांदळाचे अनारसे, खडा हिंग घातलेला चिवडा, आणि घरी दळलेल्या डाळीच्या बेसनाचे लाडू. वर्षभरात ती चार बोटे वाढली. परवा वर्गात पुढच्या रांगेतून उठून ती दुसऱ्या रांगेत बसली.

पानात टाकू नये, हा धडा मी अजूनही शिकवतो. दुष्काळाची गोष्टही सांगतो. ती विसरून चालणार नाही. पण आता त्याच्या आधी एक धडा वाढणाऱ्याला शिकवतो, आणि तो वर्गापेक्षा घरातल्या मोठ्यांसाठी आहे: पानात वाढण्यापूर्वी विचारावे. अन्न देव खरा. पण ज्याच्या मुखात तो जायचा, त्या देहातही देव आहे असे आपले संत सांगत आले. एका देवाच्या मानासाठी दुसऱ्याला कोंडून मारायचे, हा कसला धर्म?

या दिवाळीत तुमच्याकडे फराळाला कुणी येईल आणि एखाद्या पदार्थाला नको म्हणेल. आग्रह हा आपल्या घरांचा दागिना आहे, तो सोडा असे मी म्हणणार नाही. एकदा आग्रह करा. दुसऱ्यांदाही नको म्हणाले, तर बशी खाली ठेवा आणि विचारा, "का हो, मानवत नाही का?" मग उत्तर ऐका. आणि बशी पुढे करणाऱ्याने हसू नये.